थोरल्या जावेची तब्येत

"मंग तुह्या मोठीमायच्या अंगात काई येगळं हाय का वो? का तिलेच जास्तीचं भेटलं?"

पंचफुलानं चुलीपुढून लेकीला विचारलं. रुचिता नागपुरात जीवशास्त्र शिकते. सुट्टीत पवनीजवळच्या आपल्या गावी आली, अन् आल्यापासून तिच्या तोंडी एकच पालुपद, मोठीमाय. मोठीमाय म्हणजे पंचफुलाची थोरली जाऊ, भागरता. वयानं कितीतरी मोठी, पण ना शुगर, ना गुडघे. पंचफुला रोज शुगरची गोळी गिळायची, अन् गोळीपेक्षा तिला जाऊच कडू लागायची.

"सगळ्याइच्या अंगात तेच रायते, माय. सर्टुइन म्हन्तेत, पेशीतले प्रथिनं. गर्भात असल्यापासून कामाले लागतेत. पोट रिकामं रायलं का जागे होतेत, साठलेली चरबी जाळाले लावतेत, आतलं मोडलेलं सांधाले मदत करतेत. सदा खात रायलं का सुस्त पडतेत. मोठीमाय दिवस बुडाच्या आत जेवते, मंग सकाळवरी दाना नाई. पन उंदरावर दिसलं तेवढं मानसावर अजून पक्कं नाई. अन् तू गोळी घेतेस, डॉक्टरले इचारल्याबिगर उपाशी राहू नोको."

शेवटचं पंचफुलानं कानाआड केलं. तेच आपल्याही अंगात आहे, एवढ्यानंच तिचा जीव गार झाला. म्हणजे जावेचं काही जन्मजात नव्हे; हिसकून घेता येईल असं आहे.

दुसऱ्या दिवशी जावेच्याच बांधीत, म्हणजे भातखाचरात, धानाचा रोवणा होता. पंचफुला गोळी घेऊन निघाली, चहासुद्धा घेतला नाही. न्याहारीला भागरतानं सगळ्या बायांना घुगऱ्या वाढल्या. रोवण्याची न्याहारी नाकारली तर मालकिणीचा अपमान. म्हणून पंचफुलानं वाटी घेतली अन् पदराआडून घुगऱ्या मागं बगळ्यांपुढं सारल्या.

पुन्हा वाकून रोवायला लागली, तर थोड्याच वेळात हात कापायला लागले. घाम फुटला, बांधीतलं पाणी डोळ्यांपुढं गरगरलं. पऱ्ह्याची, धानाच्या रोपांची, जुडी मुठीत धरून ती चिखलात बदकन बसली.

बायांचा गलका झाला. भागरतानं येऊन तिच्या तोंडात गुळाचा खडा कोंबला. "गोळी घेऊन बगळ्याइले चारतेस काय वो? पाह्यलं मी."

"मंग तवाच काऊन नाई बोलल्या, बाई?"

"चारचौघीत? तुह्या तोंडाले कोन लागन!" बाया खदखदल्या. "अन् मी काई हौसेनं उपाशी नाई रायत. रातच्याले खाल्लं का छातीत जळते माह्या."

पंचफुलानं गूळ कचकन चावला. घ्या! हिला आजार झाला तोही फायद्याचा.

तेवढ्यात गलका ऐकून धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, रुचिता धावत आली, अन् आधी भागरताचा हात धरून म्हणाली, "बरं झालं मोठीमाय, तू होतीस."

पंचफुलानं वाटीभर घुगऱ्या मागून घेतल्या. धुऱ्यावर बसून तिनं त्या शेवटच्या दाण्यापर्यंत खाल्ल्या. हात स्थिर झाले तशी उठली, जावेच्या बाजूचीच ओळ धरली, अन् तिच्या आधी मागचा धुरा गाठायचा म्हणून वाकून सपासप रोवत मागं सरकू लागली.