सरांच्या चित्रांना माझे शब्द

मुलुंडच्या शाळेत मी मराठी शिकवायचे. चित्रकलेचे सर हौसेने तैलचित्रं काढायचे. ऐंशीच्या दशकात वाचनालयाच्या हॉलमध्ये त्यांचं पहिलं प्रदर्शन ठरलं, तेव्हा स्टाफरूममध्ये ते मला म्हणाले, "बाई, माझा ब्रश चालतो, तोंड चालत नाही. ते उजेड-अंधाराचं जरा लिहून द्या ना."

मी दोन रविवार घालवले. तिरीप, कवडसा, झाकोळ, काळोखातून वर आलेला चेहरा. एकेक शब्द चित्रासमोर उभं राहून शोधला. उद्घाटनाला सरांनी सगळं धाडधाड वाचलं. पाहुणे खूश. "चित्रांइतकीच तुमची भाषाही सुंदर!" सर हसून म्हणाले, "सुचतं आपोआप." तिसऱ्या रांगेत माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मी डूख धरते, कबूल आहे. घरचे म्हणाले, "जाऊ दे गं." मला जाऊ द्यायचं नव्हतं. ते शब्द माझे आहेत, हे चारचौघांत त्यांच्याच तोंडून वदवून घ्यायचं होतं.

पुढच्या वर्षी सर पुन्हा आले. मी गोड हसून हो म्हटलं. सरांची सवय मला पाठ होती: कागद आधी वाचायचा नाही आणि वाचताना मान वर करायची नाही. यंदाचं मुख्य चित्र वर्सोव्याचं होतं. भर दुपारी मासळी सुकत घालणारी कोळीण, सगळीकडे रखरखीत ऊन, सावली नावालाही नाही. मी मला हवं ते लिहिलं आणि कार्यक्रम सुरू होताना कागद त्यांच्या हातात ठेवला.

सर वाचू लागले, "मिणमिणत्या दिव्याची तिरीप तिच्या एकाच गालावर पडली आहे. उरलेला चेहरा काळोखाने गिळलाय. मागची भिंत अंधारात बुडाली आहे..."

माना चित्राकडे वळल्या. मागून कोणीतरी म्हणालं, "काळोख कुठाय रे? कडक ऊन पडलंय ना!" हॉलभर हशा पिकला. सरांनी चित्र पाहिलं, कागद पाहिला, मग मला पाहिलं. त्यांना घाम फुटला. मला मनातल्या मनात उकळ्या फुटत होत्या.

पाहुणे गेल्या वर्षीचेच होते. त्यांनी विचारलं, "सर, मागच्या खेपेला किती छान लिहिलं होतंत! यंदा काय झालं?"

"हे मी नाही लिहिलेलं!" सर ओरडले. "आमच्या मराठीच्या बाईंनी लिहिलंय. मागचंही त्यांचंच होतं!"

मी उठले, पदर सारखा केला आणि सगळ्यांना वाकून नमस्कार केला.