लांबलेला पाळणा

आज कितवा, असं विचारलं की द्वारका एका दमात सांगायची, अकरावा. तारीख नव्हे हो. अंगावरून जायचा अकरावा दिवस. बाकीच्या बायकांचं चार-पाच दिवसांत उरकतं, हिचं बारा-बारा दिवस चालायचं. मग जेमतेम दोन आठवडे उसंत मिळायची आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. नऊ वर्षं असंच चाललं होतं.

नारायण पेठेत एका बोळात आनंदीकाकूंची मेस आहे. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी पोरंपोरी दोन्ही वेळा तिथे जेवतात. त्या मेसमध्ये द्वारका पोळ्या करते. धायरीहून सकाळची बस पकडायची, साडेआठला तव्यापुढे उभं राहायचं आणि दुपारी दोनपर्यंत पाय हलवायचा नाही. हलवायची वेळ आलीच, तर आधी हात मागे साडीवर जाणार, डाग पडला नाही ना ते बघायला. उभं राहून राहून कंबर अशी दुखायची की भाजलेल्या पोळीवर तूप लावताना तिला वाटायचं, हे तूप कुणीतरी माझ्या कंबरेला चोळावं.

द्वारका मूळची वाशीमकडची. लग्न करून पुण्यात आली. नवरा बद्रीनाथही तिकडचाच, इथे धायरीतच एका शेडमध्ये लोखंडी जाळ्या आणि गेट जोडायचं काम करतो. माणूस गरीब, व्यसन नाही, आवाज चढवत नाही. मुलगी भाग्यश्री चौथीत. दोन खोल्यांचं घर आणि त्या दोन खोल्यांत सासू. द्वारका त्यांना आत्याबाई म्हणते.

आत्याबाईंचं विटाळाचं गणित पक्कं होतं. पाच दिवस म्हणजे पाच दिवस. दाराजवळ वेगळी सतरंजी, वेगळं ताट, देव्हाऱ्याकडे बघायचंसुद्धा नाही. आता पाच दिवसांचा नियम आणि बारा दिवसांचं दुखणं, यांचा मेळ कसा घालायचा? द्वारका पाचव्या दिवशी डोक्यावरून पाणी घ्यायची आणि पुढचे सात दिवस गप्प राहायची. दिवा लावताना देवाकडे बघायचं टाळायची. आणि गंमत बघा, या बाराही दिवसांत ती मेसमध्ये दीडशे पोरांच्या पोळ्या करत होती. त्यांना कुणाला काही झालं नाही, दोघं-तिघं तर परीक्षा पास होऊन अधिकारीसुद्धा झाले. बाधायचं ते फक्त घरच्या देवाला.

पण खरं दुखणं हे नव्हतंच. खरं दुखणं म्हणजे भाग्यश्रीच्या पाठीवर दुसरं मूल झालं नव्हतं. आत्याबाईंना नातू हवा होता. दोन वर्षं त्यांनी वाट बघितली, तिसऱ्या वर्षापासून बोलायला लागल्या. एकदा शेजारी कुणाचं तरी बारसं होतं. बायका पाळण्याला झोका द्यायला पुढे झाल्या, द्वारकाही झाली, तर आत्याबाईंनी तिचा हात धरून चारचौघींत मागे ओढलं.

"तू राहू दे वं. काकवांझ बाईनं हात लावू नये."

काकवांझ. म्हणजे कावळीसारखी, एकदाच विऊन मिटलेली. द्वारकाने तो शब्द त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला आणि मग पुढची सहा वर्षं ऐकतच राहिली.

तिने काय केलं नाही? मंगळवार धरले, नवस बोलली, अनवाणी चालली. लोणी काळभोरला एक झाडपाल्याचं औषध देणारा आहे म्हणून कळलं, तर दोन बस बदलून तिथेही गेली. त्याने दिलेली पूड दुधातून घेतली तर रक्त आणखीच वाढलं. नात्यात कुणाला दिवस गेल्याचं कळलं की तिची ओटी भरायला पुढे आत्याबाई, आणि मागे स्वयंपाकघरात द्वारका. बद्रीनाथ काही बोलायचा नाही. आईला गप्प राहा म्हणायचा नाही आणि बायकोला धीर धर म्हणायचा नाही, आपला जेवून हात धुवायचा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मूल होवो न होवो, द्वारकाची एवढीच इच्छा उरली होती की कुणीतरी एकदा म्हणावं, बाई, यात तुझा दोष नाही.

गेल्या श्रावणात एका सकाळी तव्यापुढे तिच्या डोळ्यांसमोर अंधारी आली. पडता पडता तिने ओट्याला धरलं, पण मनगट तव्याला लागलंच. आनंदीकाकूंनी तिला खुर्चीत बसवलं, हातावर पाण्याची धार धरली आणि चेहरा निरखून बघितला.

"पांढरीफटक पडली आहेस. किती दिवस चाललंय हे?"

द्वारकाने सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं.

"छान. म्हणजे नऊ वर्षं देवाला सांगितलंस, झाडपाल्यावाल्याला सांगितलंस, फक्त डॉक्टरला सांगायचं राहिलं. हे बघ द्वारका, तू इथे मेलीस तर मला दुसरी पोळीवाली शोधावी लागेल, आणि आजकाल पोळीवाली मिळणं जावई मिळण्यापेक्षा अवघड आहे. चल, ऊठ."

जवळच ट्रस्टचा एक दवाखाना होता. तिथल्या डॉक्टर नम्रता वयाने द्वारकापेक्षा लहानच असतील. रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन सात. मग आतल्या खोलीत सोनोग्राफी. पोटावर थंडगार जेल, डॉक्टर पडद्याकडे बघतायत, द्वारका छताकडे.

"तांबी बसवून किती वर्षं झाली?" डॉक्टरांनी विचारलं.

"कोणाला?"

"तुम्हाला."

"नाही हो मॅडम, मी नाही बसवली कधी. मला तर दुसरं होत नाही म्हणून…"

डॉक्टरांनी पडदा तिच्याकडे वळवला. करड्या धुरकटात एक पांढरी ठळक रेघ होती. "ही बघा. गर्भाशयात नीट बसलेली आहे. ही असताना मूल होणार कसं? आणि काही जणींना हिच्यामुळेच जास्त जातं. बाकी पिशवी चांगली आहे तुमची. काही दोष नाही."

"काय म्हणालात?"

"पिशवी चांगली आहे म्हटलं. दोष काहीच नाही."

द्वारकाने तिसऱ्यांदा विचारलं नाही, पण विचारावंसं वाटलं तिला.

"बाळंतपण कुठे झालं होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"माहेरी. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात."

"मग तिथेच बसवली असणार, बाळंतपण झाल्या झाल्या. तशी बसवतात. तिचा दोरा आतच राहिला की बाहेरून कळत नाही. पण विचारून बसवतात हो. आठवून बघा, कुणी काही विचारलं होतं का?"

आणि द्वारकाला आठवलं. मे महिना, वाशीमकडचं ऊन. रात्रभर कळा आणि घशाला कोरड. तिने किती वेळा पाणी मागितलं असेल, पण आत्ता नाही, नंतर, असंच सगळे म्हणत होते. पोरगी झाली, पोरीचं रडणं ऐकू आलं. डोळे मिटत होते. तेवढ्यात सिस्टर कानाशी वाकून घाईघाईने म्हणाली होती, "तांबी लावायची ना वं?" आणि तहानेने जीव चाललेल्या द्वारकाला ऐकू आलं, तांब्या लावायचा ना. तोंडाला. ती म्हणाली होती, "हो हो, लावा. लवकर लावा." मग खालच्या बाजूला काहीतरी दुखलं, पण तेव्हा सगळंच दुखत होतं. थोड्या वेळाने आईने आत येऊन खरंच पाणी पाजलं. तिला वाटलं, सिस्टरने दिलेला शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी पाच-सहा कागदांवर सह्या केल्या, त्यात तांबीचाही असणार.

तिथे टेबलावर पडल्या पडल्या द्वारका हसायला लागली. हसता हसता डोळ्यांतून पाणी कानात गेलं. डॉक्टरांनी तिला हसू दिलं.

काय नशीब बघा एकेकीचं. घोटभर पाण्यासाठी हो म्हणाली आणि नऊ वर्षं काकवांझ ठरली. साक्षीला आई होती, तीही दोन वर्षांमागे गेली.

तरी त्या दिवशी बसमध्ये द्वारका खुशीत होती. दांडेकर पुलापासून धायरीपर्यंत ती मनातल्या मनात वाक्य जुळवत होती. आत्याबाई, माझ्यात दोष नाही. डॉक्टरांनी मशीनवर बघितलं. घरात पाऊल टाकल्या टाकल्या तिने सगळं सांगून टाकलं, तांब्यासकट. बद्रीनाथ नुकताच कामावरून आला होता.

आत्याबाईंनी कपाळावर हात मारला.

"मायवं! माहेरी जाऊन तांबी बसवून आली आन् इथं नवस बोलत बसली! नऊ वर्सं माह्या पोराले फसवलं हिनं!"

"अवो आत्याबाई, मला तांब्या ऐकू आलं…"

"तांब्या आन् तांबी! लहान पोट्टीले सांगून पाय, थेबी हासन."

आत्याबाईंच्या दृष्टीने हिशोब सरळ होता. बाळंतपण माहेरी झालं, सासरचं कुणी तिथे नव्हतं, मायलेकींनी मिळून केलं. मेलेल्या बाईवरसुद्धा आळ आला. द्वारकाने बद्रीनाथकडे बघितलं. हा तरी बोलेल. नऊ वर्षं बोलला नाही, निदान आज.

बद्रीनाथने चेहरा पुसून रुमाल खुंटीला अडकवला. मग त्याने अगदी हळू आवाजात विचारलं, "खरं सांग. तुले माईत नव्हतं?"

रागाने विचारलं असतं तर द्वारका भांडली असती. पण त्याने समजुतीने विचारलं, जणू माहीत असलं तरी तो माफ करणार होता. ते तिच्या काळजाला लागलं. झाडपाल्याची कडू पूड तिने याच्यासमोर नाक दाबून घेतली होती. बारशाच्या दिवशी घरी आल्यावर ती मोरीत बसून रडली, तेव्हा हा बाहेर उभा होता. आणि आता विचारतोय.

"नव्हतं," ती म्हणाली.

"मंग ठीक आहे. काढून टाक. अजून वय गेलं नाही तुझं."

हिमोग्लोबिन किती, हे कुणीच विचारलं नाही. काकवांझ होती ती आता लबाड झाली, एवढाच काय तो फरक. द्वारकाला वाद घालायचं त्राण नव्हतं. तिने कणीक मळायला घेतली.

पुढच्या आठवड्यात काढायला जायचं ठरलं, तर आत्याबाई सोबत निघाल्या. माया नव्हे ती. काढते की नाही, याची खात्री करायची होती. दवाखान्यात त्या बाहेर बाकावर बसल्या आणि द्वारका एकटी आत गेली.

डॉक्टर नम्रता हातमोजे घालता घालता म्हणाल्या, "आज काढली की पुढच्या महिन्यातसुद्धा दिवस राहू शकतात. पण रक्त इतकं कमी असताना मी म्हणेन, जरा थांबा. मूल हवंय ना तुम्हाला?"

नऊ वर्षं द्वारका हवंय म्हणत होती. देवाला म्हणाली, झाडपाल्यावाल्याला म्हणाली, उशीत तोंड खुपसून म्हणाली. आता पुन्हा म्हणायला तिने तोंड उघडलं आणि थांबली. ती खरोखरच शोधत होती, आत कुठे ते हवंसं आहे का. पुन्हा त्या कळा, ते जागरण, आणि मुलगी झाली तर परत पहिल्यापासून सगळं. तिला भाग्यश्री आठवली, चौथीतली, स्वतःची वेणी स्वतः घालणारी. त्यापलीकडे तिला काही सापडलं नाही, नुसता थकवा सापडला.

"नको," ती म्हणाली.

"काय?"

"मूल नको मला, मॅडम. ही काढा आणि दुसरी बसवा. रक्त कमी जाईल अशी असते का?"

"असते. तांबं नसतं तिच्यात, औषध असतं. सुरुवातीला काही महिने मधूनमधून डाग दिसतील, मग कमी होत जाईल. पाच वर्षं तरी बघायला नको." डॉक्टरांनी दाराकडे बघितलं. "घरी बोलायचंय का आधी? बाहेर सासूबाई आहेत."

"माझं रक्त जातंय, मॅडम. त्यांना काय विचारायचं?"

डॉक्टरांनी मान हलवली. मग सगळं पुन्हा नीट समजावून सांगितलं आणि कागद तिच्या हातात दिला. द्वारकाने तो बोट ठेवून अक्षर न् अक्षर वाचला आणि सही केली.

दुखलं, चांगलंच दुखलं. दातांखाली पदर धरून तिने ते सोसलं. अर्ध्या तासाने भिंतीला हात लावत ती बाहेर आली, तेव्हा आत्याबाई बाकावरून उठून उभ्याच राहिल्या.

"काढली?"

"काढली," द्वारका म्हणाली. खोटं नव्हतंच ते. कागदात गुंडाळलेली जुनी तांबी तिने त्यांच्या हातावर ठेवली. आत्याबाईंनी ती उलटसुलट करून बघितली, एवढीशी वस्तू, आणि डोळ्यांत पाणी आणून वर बघत हात जोडले. मग द्वारकाला जवळ बसवून घेतलं. तिच्या पाठीवरून हात फिरवला. लग्नानंतर पहिल्यांदाच फिरवला असेल. हात खरबरीत होता, पण उबदार होता, आणि दुखऱ्या कंबरेला बरा वाटला.

"लय तरास झाला ना वं? जाऊ दे. बोलली असन मी काई कमीजास्त," आत्याबाई म्हणाल्या. "आता काई दोष नाई राह्यला तुह्यात."

द्वारका त्यांच्याकडे बघत राहिली. मग "हो," म्हणाली आणि रिक्षा बघायला उठली.