रेणुकाचा जन्मदाखला

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. तुम्हालाच का सांगते आहे — तेही नीट ठाऊक नाही.

मी बेळगावातल्या एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे. नेटबॉल शिकवते. चेंडू हातात आला की तीन सेकंदांत पुढे द्यायचा, आणि रिंगेमागे फळी नसते — नेम चुकला की चेंडू सरळ बाहेर. आठ वर्षांपूर्वी आमच्या सोळा वर्षांखालच्या मुलींना कोलंबोच्या एका स्पर्धेचं बोलावणं आलं. बारा मुली. त्यातल्या बहुतेकींनी तोवर बंगळूरसुद्धा पाहिलेलं नव्हतं. हेडमास्तर म्हणाले, "टीचर, परदेशाचं काम आहे. एकट्या बाईला झेपेल?" मी मान ताठ करून "झेपेल सर" म्हटलं. ती ताठ मान — पुढचं सगळं मी तिच्यासाठीच केलं.

रेणुका आमची गोल करणारी. बेळगावजवळच्या कंग्राळी गावची, उंच, कमी बोलणारी. तिचे वडील मारुतीआप्पा गवंडीकाम करायचे. निघताना स्टेशनवर धुतलेला सदरा घालून आले होते. मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "टीचर, विमानाच्या खिडक्या उघडत्यात काय ओ? हिला गाडी लागती." मी हसले. ते मात्र हसले नाहीत.

कोलंबोत पोचलो त्याच संध्याकाळी नावनोंदणी होती. मुली बाहेर बाकावर शेंगदाण्याच्या चटणीचा डबा उघडून बसल्या होत्या. मी आत फाईल उघडली — आणि दाखले अकराच. वयासाठी नुसता पासपोर्ट चालणार नव्हता, जन्मदाखला हवाच, असा तिथला नियम. रेणुकाचा दाखला मीच बाहेर काढला होता, व्हिसाच्या फॉर्मवरचं नाव ताडून बघायला. तो माझ्या घरी कपाटात, साड्यांवर पडलेला — मला तो तिथूनही दिसत होता.

टेबलामागे पांढऱ्या केसांच्या एक बाई होत्या. सज्जन होत्या. म्हणाल्या, घाबरू नका, उद्या सकाळी दहापर्यंत शाळेकडून दाखल्याची प्रत मागवा, मूळ दाखला चुकून मागे राहिला असं मुख्याध्यापकांचं पत्र जोडा, मी नाव चढवते. शाळेत प्रत होतीच. फक्त एक फोन.

मी व्हरांड्यात आले. हेडमास्तरांचा नंबर काढला. काय सांगायचं? दाखला मी घरी विसरले — एवढंच ना? मग फोन पर्समध्ये टाकला.

आणि रेणुकाला बोलावून सांगितलं, की तुझ्या दाखल्यात घोळ आहे म्हणतात.

"माझ्या दाखल्यात कसला घोळ, टीचर? आप्पानं सोता जाऊन नोंद केलीया."

"तुझी उंची बघून त्यांना शंका आली गं." आणि वर — हे तर कुणी विचारलंही नव्हतं — "मी लई भांडले तुझ्यासाठी."

का म्हटलं मी ते? तिनं माझा हात धरला. "असू दे टीचर," म्हणाली.

चार दिवस ती बाकावर बसली. बाटल्या भरल्या, मुलींच्या वेण्या घातल्या. उपांत्य सामना आम्ही दोन गोलांनी हरलो. तिच्या जागी खेळलेली पोरगी हमसून रडत होती, आणि तिची समजूत घालत होती रेणुका. मी लांबून बघत होते. समुद्र बघायला नेलं तेव्हा सगळ्या पाण्यात शिरल्या. ही चपला राखत बसली.

परत आलो तर आमच्या आधी बातमी पोचलेली. वय चोरलं म्हणे पोरीचं! गावात, वर्गात, सगळीकडे तेच. महिनाभरानं मारुतीआप्पा शाळेत आले, हातात कागदांची प्लास्टिकची पिशवी. "टीचर, दुरुस्तीची अर्जी लिवून द्या. हापिसात कन्नडात पायजे." मूळ दाखला मी त्यांना कोलंबोहून परतल्यावर लगेच दिला होता — तिकडच्या लोकांनी परत केला, असं सांगून. ते पुढे म्हणाले, "हापिसातला म्हणतोय, ह्यात काय बी चूक न्हाय. पर तुमी सांगताय म्हंजे असंलच की."

मला कन्नड चांगलं लिहिता येतं. मी बसले आणि सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिला — ज्यात काहीच चुकलेलं नव्हतं, अशा दाखल्याच्या दुरुस्तीचा. त्यांनी हात जोडले. कामं मोडून किती खेपा घातल्या असतील त्यांनी त्या हापिसात? मी कधी विचारलं नाही.

पुढच्या वर्षीच्या निवडीत हेडमास्तर म्हणाले, संशयातली नावं नकोत. रेणुकाच्या नावावर रेघ मी मारली. ती नंतर मैदानावर आलीच नाही.

आता ती एका दवाखान्यात नर्स आहे. गेल्या वर्षी मारुतीआप्पा वारले. मी कंग्राळीला भेटायला गेले. रेणुकानं चहा आणून ठेवला आणि समोर बसली.

"शेवटपतोर एकच म्हणायचा आप्पा," ती म्हणाली. "माज्यासारख्या अडाण्यानं नोंद केली, म्हणून पोरीचा खेळ ऱ्हायला."

खोलीत आम्ही दोघीच होतो. दुसरं कुणी येणार नव्हतं. तोंड उघडायला याहून सोपी वेळ कुठली?

"असं मनाला लावून घेऊ नये गं," मी म्हणाले. आणि चहा संपवला.

नोंद बरोबर होती. मारुतीआप्पांनी केलेली नोंद पहिल्यापासून बरोबर होती.