एकशे वीसची तांबडी रेघ

फॅक्सच्या कागदाचं एक बरं असतं. वर्ष-सहा महिन्यांत अक्षरं उडून जातात आणि हातात कोरा कागद उरतो. रत्नागिरीच्या बाजारपेठेतल्या एका ट्रॅव्हल ऑफिसात मी सात वर्षं काउंटरवर बसले. तेवढ्या काळात मुंबईहून वाढीव दरांचे जे ढीगभर फॅक्स आले, ते सगळे असे आपोआप कोरे झाले. किस्से मात्र काही केल्या पुसले जात नाहीत. मैत्रिणींत बसून एक सांगायला घेतला की दुसरा त्याच्या मागे येतोच, आणि माझं डोकं तेव्हा जेवढं तापायचं तेवढंच आजही तापतं!

ऑफिस म्हणजे औषधाच्या दुकानावरचा एक गाळा. मालक नाना. एसटीतून रिटायर झाल्यावर नाना बसने काशी-रामेश्वरच्या यात्रा काढायचे. अठ्ठ्याण्णव साली त्यांनी मुंबईच्या एका टूर कंपनीची एजन्सी घेतली आणि पाटीवरची 'यात्रा' पुसून तिथे 'सिंगापूर-मलेशिया, थीम पार्कसह' असं रंगवलं. मी तेव्हाच लागले. माझी सई त्या वेळी चार वर्षांची होती.

* * *

आमच्या घरी शाळेच्या वह्यांना खाकी कागद कधी विकत आणावा लागला नाही. कारण सोपं आहे. जानेवारीत गुळगुळीत, रंगीत ब्रोशरांचा गठ्ठा यायचा आणि मार्चमध्ये दर वाढायचे. की गठ्ठा रद्दी! तो मी घरी न्यायचे. सईच्या प्रत्येक वहीवर, पुस्तकावर थीम पार्क. त्यातलं एकच चित्र तिला हवं असायचं, उंचावरून पाण्यात सपकन कोसळणाऱ्या होडीचं. होडीत पुढच्या रांगेत एक मुलगी दोन्ही हात वर करून ओरडत बसलेली. सई तिच्यावर बोट ठेवून म्हणायची, "ही मी."

"आई, आपण कधी जायचं गं?"

"पुढच्या वर्षी."

मी हे अगदी मनापासून सांगितलं होतं हो! त्या वर्षी दर तसा आवाक्याच्या थोडाच बाहेर होता. सईचे बाबा झेडपीत क्लार्क, मी ही अशी. भिशी लावली होती. वर्षभरात जमेल असा हिशोब होता.

* * *

पावसचे दामलेकाका हे आमचं पहिलं मोठं गिऱ्हाईक. हापूसची बाग, घरात दोन नाती. काकांनी ब्रोशर उलटसुलट करून पाहिलं आणि चष्मा कपाळावर चढवला.

"हे काय ओ ताई? इतके रुपये अधिक इतके डॉलर?"

"काका, तिकडचा खर्च डॉलरमध्ये असतो ना. म्हणून तेवढा भाग डॉलरमध्ये."

"अस्सं!" काका म्हणाले. "मग माझा इकडचा सगळा खर्च आंब्यात असतो. तेवढा भाग पेट्यांमध्ये घेतील काय विचारा!"

मी हसले, पण काका हसत नव्हते. डॉलर वर गेला की फरक गिऱ्हाइकाने भरायचा, हे मी त्यांना पुढे सांगितलं. "आणि खाली आला तर?" त्यांनी विचारलं. त्याबद्दल ब्रोशरमध्ये काहीच लिहिलेलं नव्हतं.

पुढची अडचण मे महिन्याची. शाळांना सुट्टी मेमध्ये, टूर मेमध्ये, आणि आंबाही मेमध्येच! मे महिन्यात बागायतदार बाग सोडून कुठे जाणार? मी मुंबईला फोन लावला. तिथे एक मॅडम होत्या, फार गोड बोलायच्या. त्यांना सगळं समजावलं. त्या म्हणाल्या, "अहो, मग काकांना सांगा ना, यंदा आंबे जूनमध्ये काढा!"

काका समोरच बसले होते. आवाज बाहेर ऐकू येत होता. त्यांनी शांतपणे माझ्या हातातला रिसीव्हर घेतला.

"बाई," ते म्हणाले, "जूनमधला पाऊस तुमच्या कंपनीचा हाय काय?"

* * *

आता तांबड्या रेघेचं सांगते. कंपनीचा नियम असा की मूल एकशे वीस सेंटिमीटरच्या आत असेल तर निम्मा दर, वर असेल तर पुरा. मुंबईहून फॅक्स आला, 'मुलाची उंची एजंटने तपासून कळवावी.' नानांनी टेप आणली आणि ऑफिसच्या दाराच्या चौकटीवर तांबड्या ऑइलपेंटची एक ठसठशीत रेघ ओढली.

झालं! त्या दिवसापासून त्या चौकटीपाशी जी नाटकं झाली, ती विचारू नका. आया मुलींचे पोनीटेल सोडायच्या, केस चप्प बसवायच्या. बापे मुलांना हळूच म्हणायचे, "सैल उभा राहा रे जरा." एक आजी नातवाला घेऊन आल्या, ओंकार त्याचं नाव. तो रेघेच्या केसभर खाली होता. आणि टूरला दोन महिने बाकी! आजींनी सुनेकडे वळून हुकूम सोडला, "दोन महिने भात बंद कर गो त्याचा!"

मला हसू आलं आणि तितकाच संताप आला. पोर वाढलं तर घरात आनंद व्हायचा की घाबरायचं? आमची पोरं किती वाढावीत हे आता ह्यांची पट्टी ठरवणार होती!

ओंकार वाढला नाही. अर्ध्या तिकिटात गेला. परत आल्यावर त्याचे वडील तणतणत जिना चढून वर आले. पार्कमध्ये प्रत्येक मोठ्या पाळण्यापाशी, होडीपाशी एक लाकडी अस्वल हात आडवा धरून उभं होतं म्हणे. त्या हाताला डोकं लागलं तरच आत. हात किती उंचीवर? एकशे वीस!

"अर्ध्या तिकिटात पोराला काय मिळालं म्हायत्येय?" ते ओरडले. "दिवसभर आमच्या चपला सांभाळायला मिळाल्या!"

मी मुंबईला फोन लावून चांगलं फैलावर घेतलं त्या मॅडमना. त्या म्हणाल्या, "तेच तर आम्ही सुचवतो. पुढच्या वर्षी परत या, फुल तिकीट काढा, त्याला सगळीकडे बसता येईल!"

* * *

नानांना कंपनीने एकदा फुकट नेलं, 'एजंटांना अनुभव मिळावा म्हणून'. नाना परत आले ते गप्प गप्प. तिसऱ्या दिवशी दुपारी चहा घेताना एकदम फुटले.

"गेटवर माझी पाण्याची बाटली ओतून टाकलीन! भरलेली बाटली, माझ्यादेखत! म्हणे बाहेरचं पाणी आत चालत नाय. आणि आत तेच पाणी केवढ्याला? आपल्याकडे तेवढ्यात जेवणाचं ताट येतं!"

"मग काय केलंत?"

"काय करणार? प्यायलो. डोळे मिटून प्यायलो." नानांनी कप खाली ठेवला. "अगो, बारा वर्षं माणसं काशीला नेली मी. उन्हातान्हातून नेली. एकाला पाणी विकलं नाय!"

त्यानंतर पार्कला निघालेल्या प्रत्येक माणसाला नाना जिन्यापर्यंत सोडायला जायचे आणि शेवटी एकच सांगायचे, "गेटाच्या आधी पोटभर पाणी पिऊन घ्या."

* * *

रफीकभाई आले तेव्हा पावसाळा संपत आला होता. आखातात नोकरी, दीड वर्षाने सुट्टीवर आलेले. आमच्याकडे तेव्हा दुबईची टूर नवीन सुरू झाली होती, तिकडच्या वॉटर पार्कसह. मी ब्रोशर उघडून त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी एका फोटोवर बोट टेकवलं. उंच निळी घसरगुंडी होती.

"ह्याचे पंप मी बघतो," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"मेंटेनन्सला हाय ना मी तिथे. पहाटे पंप चालू करतो, मग पोरांसाठी गेट उघडतात. रोज हजारभर पोरं घसरतात बघा." मग जरा लाजून म्हणाले, "माझ्या दोन पोरी आहेत. आतला पास कंपनी देईल. फक्त विमान, व्हिसा नि राहायचं बघा, ताई. आठ दिवस."

मी बघितलं. दोनदा बघितलं. मुंबईला विचारलं की पार्कचा प्रवेश वगळला तर किती कमी होतील. तिकडून उत्तर आलं की पॅकेजमधून काहीही वगळता येत नाही, आणि परवाच दर वाढलेत. मी आकडा कागदावर लिहून पुढे सरकवला. तोंडाने सांगायची माझी हिंमत झाली नाही.

रफीकभाईंनी कागद वाचला, घडी करून खिशात टाकला. रागावले नाहीत. राग आला तो मलाच.

"हे पुस्तक नेऊ काय?" त्यांनी विचारलं. "पोरी विचारतात, बाबा कुठं काम करतात म्हणून. एवढं तरी दाखवीन."

मी त्यांना चार ब्रोशर दिली.

* * *

माझी भिशी लागली आणि त्याच आठवड्यात फॅक्स आला. इंधनाचा अधिभार! पेट्रोल महागलं तर आमची लाल परीसुद्धा तिकीट वाढवते, ते समजतं. पण पुढे स्वस्त झाल्यावर यांचा अधिभार तसाच! पुढच्या वर्षी विमानतळाचा कर वाढला. त्याच्या पुढच्या वर्षी 'टिप सक्तीची' झाली. खूश होऊन देतात ती टिप, एवढीच माझी समजूत होती.

कंपनीने एकदा मोठ्या दिलाने पत्रक काढलं की एजंटांच्या कर्मचाऱ्यांना पंधरा टक्के सूट. नाना पेढे घेऊन आले! पत्रकावर बारीक चांदणी होती. नानांच्या भिंगातून खालची ओळ वाचली. 'शाळांच्या सुट्टीच्या काळात लागू नाही.'

"मग लहान मुलांच्या पार्कला आम्ही शाळा बुडवून जायचं?" मी फोनवर विचारलं.

"नाही नाही," मॅडम गोड आवाजात म्हणाल्या, "बिना मुलांचंही खूप जण एन्जॉय करतात!"

* * *

सईला सातवं संपलं त्या वाढदिवसाची गोष्ट. दर वाढदिवसाला ती शाळेतून थेट ऑफिसात यायची आणि चौकटीला पाठ लावून उभी राहायची. नाना तिच्या डोक्यावर पट्टी धरून पेन्सिलीने खूण करायचे. त्या दिवशी पट्टी टेकली ती रेघेच्या वर.

सई वळली. खूण पाहिली आणि टाळ्या पिटत नाचायलाच लागली. "आई! अस्वलाच्या हाताला लागले मी! मला होडीत बसता येणार!"

नाना माझ्याकडे बघत नव्हते, खिशात पेन्सिल शोधत होते. ती त्यांच्या हातातच होती. निम्मा दर त्या क्षणी गेला. तीन वर्षं मी त्या निम्म्या दराच्या जोरावर गाडा ओढत होते. लेक बोटभर उंच झाली आणि मला वाईट वाटलं. स्वतःच्या लेकीच्या वाढदिवसाला! त्या कंपनीला बाकी सगळं मी कदाचित माफ करीन, एवढं करणार नाही.

"मग आपण कधी जायचं?" सईने विचारलं.

"पुढच्या वर्षी," मी म्हणाले.

तिने मान डोलावली. तिने ह्यावर कधी हट्ट धरला नाही, कधी रडली नाही.

* * *

आणि आता ही दोन हजार चारची दिवाळीची सुट्टी. सई दहा वर्षांची. नाना बँकेत गेले होते, सई माझ्या बाजूला गृहपाठ करत बसली होती. वहीवर होडी होतीच.

कुवारबावचे एक इंजिनीअर बायको आणि मुलाला घेऊन आले. त्यांची ती तिसरी खेप. दर वेळी दर विचारायचे, सुस्कारा टाकायचे, विचार करून कळवतो म्हणायचे. मी नेमकी फोनवर होते. सकाळीच नवा फॅक्स आला होता आणि मुंबईशी माझं जोरात वाजलं होतं. मी त्यांना हातानेच बसायची खूण केली.

तेवढ्यात सई उठली. मुलाला चौकटीपाशी नेलं, टाचा मागे घ्यायला लावल्या, पट्टी धरली.

"एकशे बावीस," ती म्हणाली. "फुल तिकीट पडेल, काका. पण होडीत बसायला मिळेल."

"होडी कसली?" मुलाने विचारलं.

मग सईने सांगितलं. गेटातून आत शिरलं की सगळे उजवीकडे धावतात, तुम्ही डावीकडे जा, सकाळी तिथे रांग नसते. पाणी गेटाच्या आधीच पोटभर पिऊन घ्या, बाटली ओतून टाकतात. काकूंनी चष्मा पर्समध्ये ठेवायचा. होडी आधी हळूहळू वर चढते, कट्-कट्-कट् आवाज येतो. वरून सगळा पार्क दिसतो. मग एक क्षण थांबते. त्या वेळी दांडा धरायचा नाही, हात वर करायचे. पुढच्याच रांगेत बसा, मागे बसलात तर मजा नाही. खाली फोटो विकतात तो घेऊ नका, फार महाग असतो.

मुलगा तोंड उघडं टाकून ऐकत होता. मी फोन कानाला तसाच धरून बसले होते. मॅडम पलीकडून हॅलो हॅलो करत होत्या.

"अहो, ही पोर एवढी खूश होऊन सांगतेय," बायको नवऱ्याला म्हणाली. "आता किती विचार करायचा?"

इंजिनीअरांनी खिशातून पेन काढलं. फॉर्म पुढे ओढून भराभर भरला, खाली सही केली. मग पेनाला टोपण लावत, कौतुकाने सईला विचारलं, "तू कधी गेली होतीस गं?"

सईने एकदा माझ्याकडे बघितलं.

"पुढच्या वर्षी," ती म्हणाली.