उजव्या नाकपुडीतली नथ

परवा हाताची शाई रॉकेलने पुसताना त्या वासासरशी परभणीतली आमची चित्रं छापायची खोली आठवली, आणि लगेच दगडूचा राग आला. आम्ही मित्र मिळून ती चालवायचो; मागे छपाई, पुढे प्रदर्शन. दगडूने लाकडावर स्वतःच्या आईचा चेहरा कोरला. छापताना सगळं उलटं उमटतं, हे मी त्याला रोज बजावायचो. तरी प्रत्येक कागदावर डावीकडची नथ उजव्या नाकपुडीत. त्यात विद्यापीठाच्या नामांतरावरून एसट्या बंद. लाकूड पुन्हा कोरलं, तरी एसटीने येणारा नवा कागद मिळणार कुठून? तशीच चित्रं टांगली.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी त्याची आई रेल्वेने पिंगळीहून आली. सोबतच्या बाया चित्र बघून म्हणाल्या, “ही तू न्हाईस गं. नथ कोणीकडं हाय बघ की.”

मी दगडूकडे रागाने पाहिलं. म्हातारी मात्र चित्रासमोरून हलेना.

“मीच हाय,” ती म्हणाली. “रोज आरशात अशीच तर दिसते.”

तेव्हा वाटलं, गडी सुटला. आता वाटतं, तिला तिच्याच नजरेने दाखवणारं ते एकच चित्र होतं. दगडू मात्र अजून सांगत फिरतो, ते त्याने मुद्दामच केलं होतं.