एकाच खेपेत

टाइल्सच्या गोदामातले हमाल त्याला निम्मेसाहेब म्हणायचे, ते त्याच्या गाडीमुळे. गाडी पुढून पाहिली तर घरगुती मोटार. गुळगुळीत बॉनेट, मऊ सीट, काच वर-खाली करायचं बटण. मागून पाहिली तर उघडा हौदा आणि खाली पडणारा फाळका, म्हणजे ट्रक. मोटारही निम्मी, ट्रकही निम्मा, मग मालक तरी पुरा कसा असेल? त्याला हे नाव अजिबात आवडायचं नाही. पण हमालांशी भांडलं तर माल भरणार कोण, म्हणून तो हसण्यावारी न्यायचा आणि घरी जाऊन बायकोवर डाफरायचा.

त्याआधी चौदा वर्षं तो थोरल्या भावाच्या ट्रकवर ड्रायव्हर होता. सख्खा भाऊ, पण ट्रकपाशी आला की नुसता मालक. आरसा का पुसला नाहीस, क्लचवर पाय ठेवून का बसतोस, तुला एकदा सांगून कळत नाही का, आणि हे सगळं चारचौघांत, मोठ्या आवाजात. एकदा बायको डबा द्यायला आली होती, तेव्हा तिच्यादेखत असंच झालं. तिने डबा सीटवर ठेवला आणि खाली मान घालून निघून गेली. त्या दिवशी त्याने ठरवलं, आता बास. गाडी घेईन तर स्वतःची, मग ती केवढीही असो.

ती एवढीशी निघाली. खऱ्या ट्रकची ऐपत नव्हती, त्याला तो तरी काय करणार. बायको मात्र खूश झाली. ट्रकच्या केबिनमध्ये शिडी चढल्यासारखं चढावं लागतं. इथे दार उघडलं की बसलं, कपड्यांना ग्रीस नाही की काही नाही. रविवारी ती पुढच्या सीटवर ऐटीत बसायची आणि ओळखीचं कुणी दिसलं की काच खाली करायची.

थोरला गाडी पाहायला आला. तिच्याभोवती एक फेरी मारली, गुडघे टेकून खाली वाकून बघितलं आणि उठून म्हणाला, "हिला चासी कुठाय?"

आता प्रश्न बरोबर होता, हे कबूल करायला हवं. ट्रकच्या पोटाखाली दोन जाड लोखंडी दांडे असतात, त्यांना चासी म्हणतात. माल कितीही भरा, तो त्या दांड्यांवर बसतो. केबिनला त्याची खबरही नसते. या गाडीला ते दांडे नव्हते. मोटारीला असतं तसं एकसंध पत्र्याचं खोकं, त्याचंच पुढे केबिन झालेलं आणि मागे हौदा. दाराच्या कडेला कंपनीने पट्टी चिकटवली होती, त्यावर स्पष्ट लिहिलं होतं: माल अर्धा टन. थोरल्याने ती पट्टी मोठ्याने वाचली आणि हसला. गोदामात टाइल्सच्या अठरा पेट्या म्हणजे अर्धा टन. "एका घराला लागतात पस्तीस-छत्तीस," थोरला म्हणाला. "दोन-दोन खेपा मारत बसणार? मग हातगाडी काय वाईट होती?"

हे सगळं गोदामाच्या दारात, हमालांसमोर. हमालही हसले. दोन मिनिटांत ते आपापल्या कामाला लागले, पण ह्याच्या डोक्यात ती हातगाडी जी घुसली ती घुसलीच.

तरीही नशीब म्हणावं असं काम चालून आलं. गावाबाहेर एक मोठी इमारत उठत होती, अठ्ठेचाळीस घरांची. माल तळघरातल्या पार्किंगमध्ये लिफ्टपाशी नेऊन द्यायचा होता, आणि तळघराचा उतार असा अरुंद आणि छत असं ठेंगणं की थोरल्याचा ट्रक आत शिरणं शक्यच नव्हतं. निम्मेसाहेबांची गाडी मात्र लोण्यात सुरी जावी तशी आत गेली. तिथला मुकादम समाधानाने मान हलवत म्हणाला, रोज एका घराचा माल, गवंडी नऊला येतात, त्याआधी. गोदामाचा मालक असलेल्या टाइलवाल्याने तिथल्या तिथे सगळं काम त्याला देऊन टाकलं. वर हेही सांगितलं, की हे नीट पार पडलं तर पुढच्या दोन इमारतीही तुमच्याच. म्हणजे थोरल्याच्या ट्रकवर पुन्हा चढायची वेळ आयुष्यात येणार नव्हती. निम्मेसाहेबांना याहून जास्त काही नकोच होतं.

गोदाम ते इमारत वीस मिनिटं. सहाला सुरुवात केली तर दोन खेपा आरामात होऊन वर चहा प्यायला वेळ उरतो. शाळेतल्या पोरालाही कळेल असा हिशेब. पण थोरल्याचा ट्रक कारखान्यातून माल घेऊन रोज सकाळी त्याच गोदामात खाली व्हायचा. थोरला फाळक्याला टेकून उभा असणार, आणि आपण अठरा पेट्या टाकून जाणार, आणि तासाभराने रिकामे परत येणार, उरलेल्या अठरा न्यायला? छे. तो टाइलवाल्याला म्हणाला, "एका घराचा माल एकाच खेपेत देईन."

ट्रकवाल्यांची एक पद्धत आहे. वजनकाट्यावर जायच्या आधी ते मागच्या टायरवर हात घालून बघतात. टायर आणि वरचं मडगार्ड यांच्यामध्ये चार बोटं आडवी गेली की भरा अजून. तीनच गेली की हमालाला थांबवा. थोरल्यानेच त्याला हे शिकवलं होतं, आणि चौदा वर्षांत ते कधी चुकलं नव्हतं. या गाडीवर त्याने पहिल्या दिवशी हात घातला तर वीस पेट्यांनाच तीन बोटं झाली. हमाल थांबला आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. थोरलाही बघत होता.

त्या दिवशी त्याने काहीतरी सबब सांगून दोन खेपांत कशीबशी वेळ मारून नेली, आणि दुपारी फिटरकडे जाऊन मागच्या स्प्रिंगांमध्ये जाड रबराचे ठोकळे ठोकून घेतले. फिटर म्हणाला, गाडी वर राहील, पण ताकद वाढणार नाही बरं का. हा म्हणाला, मला माहितीये, तुम्ही ठोका. दुसऱ्या दिवशी छत्तीस पेट्या भरल्या आणि सगळ्यांसमोर हात घातला. चार बोटं. हमाल म्हणाला, वा निम्मेसाहेब. त्याने थोरल्याकडे मान वळवून पाहिलंसुद्धा नाही, पण छाती फुगली होती.

आणि पुढे गंमत अशी, की त्याचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसला. रबर आपणच घातलं, बोटांना जागा आपणच करून दिली, हे माणूस विसरतो कसं, ते त्यालाच ठाऊक. रोज सकाळी तो मनापासून हात घालायचा, चार बोटं मोजायचा आणि निर्धास्त निघायचा. चौदा वर्षांची सवय ती, हात खोटं सांगेल असं त्याच्या मनातही आलं नाही.

तीन आठवडे होत आले. सोळा घरं झाली. मग एका रविवारी बायको म्हणाली, "अहो, माझ्या बाजूचं दार लागत नाही. उचलून लावावं लागतं."

तो म्हणाला, बिजागरी सैल झाली असेल. त्याने बिजागरीला तेल घातलं. पुढच्या रविवारी तिने पुन्हा सांगितलं, आता दार आणि चौकटीच्या मध्ये बोट जातंय, धूळ आत येतेय. तो वैतागला. दार जोरात आपटत नाहीस म्हणून, असं म्हणाला. गाडी मधोमध वाकत चालली होती आणि हा पठ्ठ्या बायकोला दार कसं लावायचं ते शिकवत होता.

त्या सोमवारचं घर जरा मोठं होतं, अडतीस पेट्यांचं. त्याने हात घातला. चार बोटं. निघाला. इमारतीशी पोचायला साडेआठ झाले. तळघराच्या उताराच्या तोंडाशी एक छोटा उंचवटा होता, पुढची चाकं तो उतरून खाली गेली, मागची त्यावर आली, आणि पाठीमागे धाडकन आवाज झाला. मागची काच फुटून त्याच्या मानेवर सांडली. दोन्ही दारं आपोआप उघडली. केबिन आणि हौद्याच्या मधला पत्रा कागदासारखा चुरगळला होता आणि गाडी उताराच्या तोंडात पोट टेकून बसली होती. त्याला फारसं लागलं नाही. तो खाली उतरून नुसता उभा राहिला.

उतार अडला, सगळंच अडलं. नऊला गवंडी आले, तेव्हा मुकादमाने त्यांच्याच खांद्यावरून अडतीस पेट्या आत नेल्या. एकाने जाता जाता शिवी हासडली. टाइलवाल्याला फोन गेला, आणि टाइलवाल्याकडे ओढून काढायला दुसरं होतं तरी काय? तासाभरात थोरल्याचा ट्रक आला.

साखळी बांधून गाडी वर ओढली. थोरला तिच्या मागच्या टायरपाशी उकिडवा बसला आणि त्याने सवयीने हात घातला. मग हात आणखी आत घातला, चाचपलं, आणि बाहेर काढून बोटांना लागलेली काळी भुकटी बघत राहिला.

"दादा, चार बोटं जात होती," तो म्हणाला.

"जाणारच की. रबर कोंबलंयस." थोरल्याचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "अठरा-अठरा करून दोनदा आला असतास तर काय बिघडलं असतं?"

"तू हसला असतास."

"मी?"

"गोदामाच्या दारात. हातगाडी म्हणालास. सगळ्यांसमोर."

थोरल्याने खरोखर आठवून पाहिलं. भुवया आक्रसून, बराच वेळ. "मी कधी म्हणालो असं?" त्याने विचारलं, आणि तो काही नाटक करत नव्हता. त्याला एक अक्षर आठवत नव्हतं.

वेल्डरने हात टेकले. चासी असती तर जोडली असती म्हणाला, हे तर सगळं पत्र्याचं अंगच मोडलंय, याला कुठे आणि किती टाके घालू? गाडी भंगारात गेली. बायको एवढंच म्हणाली, की दाराचं मी दोनदा सांगितलं होतं. मग ती न्हाणीघरात जाऊन रडली, आणि त्याने बाहेर बसून ते ऐकलं. त्याला तोंड दाखवायची लाज वाटत होती.

आठवड्याने टाइलवाल्याचा निरोप आला. त्याने तळघरासाठी स्वतःची गाडी घेतली होती. तीच कंपनी, तेच मॉडेल, रंग तेवढा वेगळा. चालवणार का, त्याने विचारलं. मात्र अठरा पेट्यांच्या वर एक पेटी भरायची नाही, आणि स्प्रिंगला हात लावायचा नाही. थोरल्याच्या ट्रकवर जायचं की दुसऱ्याच्या गाडीवर, एवढंच काय ते त्याला ठरवायचं होतं. तो हो म्हणाला.

पहिल्या सकाळी अठरा नेल्या, रिकामा परत आला, पुन्हा अठरा भरल्या. हमालांनी भरून दिल्या. कुणी वर पाहिलंसुद्धा नाही. थोरला पलीकडे आपला ट्रक खाली करत होता, त्याने नेहमीसारखी मान हलवली आणि तो पुन्हा कामाला लागला. पावणेनऊला दुसरी खेप लिफ्टपाशी उतरली. गाडीचं दार एका बोटाने लागत होतं.

मुकादम सही करायला आला, तेव्हा ह्याच्याच्याने राहवलं नाही. मान खाली घालून म्हणाला, "दोन खेपा झाल्या, साहेब."

मुकादमाने घड्याळ बघितलं. "नऊच्या आत आला ना माल?" तो म्हणाला. "मग खेपा मोजतंय कोण?"

त्याने सही केलेला कागद पुढे केला आणि तो गवंड्यांना हाका मारत वर निघून गेला. उरलेली पंचवीस घरं त्या गाडीने, रोज दोन खेपा मारत, एकही दिवस न चुकता पुरी केली. पुढच्या दोन इमारतीही तिनेच केल्या. रविवारी मात्र ती टाइलवाल्याच्या दारात उभी असायची.