गिरणीशेजारच्या डॉक्टरबाई

रेवाळेबाई आधी जनावराकडे बघतच नसत. टेबलावर मांजर ठेवलं किंवा कुत्रं उभं केलं, की त्या चष्म्याच्या वरून माणसाकडे बघत आणि विचारत, "घरात आजी आहे का?" आजी असली तर पुढचा प्रश्न बिस्किटांचा. एकदा एक गृहस्थ शपथेवर सांगत होते, आमच्या कुत्र्याला पाकिटातल्या खाण्याशिवाय आम्ही काहीही देत नाही. बाईंनी त्या कुत्र्याच्या सुटलेल्या पोटावर हात फिरवला आणि गृहस्थांच्या लहान मुलीला म्हणाल्या, "तुमच्याकडे शिरा कधी असतो गं?"

"गुरुवारी," मुलगी म्हणाली.

"बरं. आणि मग?"

हे "बरं, आणि मग?" त्या इतक्या थकलेल्या, बिनरागाच्या आवाजात म्हणत, की समोरचा माणूस पुढचं आपोआप सांगून टाके. निम्मी नोकरी त्यांनी मुरबाड-शहापूरकडच्या सरकारी दवाखान्यांत गाईम्हशींमागे काढली होती. "जनावर दुखणं लपवतं, पण खोटं बोलत नाही," त्या म्हणत. "खोटं त्याला घेऊन येणारा बोलतो. म्हणून मी आधी त्याला तपासते."

निवृत्तीनंतर त्यांनी कोपरला एक गाळा घेतला. आत प्लायवूडची आडभिंत घालून दोन भाग केलेले, पुढे बाकडं, मागे टेबल. शेजारी पिठाची गिरणी. तिच्या घरघरीनं मांजरं बिथरायची. इंजेक्शन द्यायची वेळ आली की बाई भिंतीवर मुठीनं दोनदा ठोकत, आणि गिरणीवाले भोईर गिरणी बंद करत. डबे घेऊन उभ्या असलेल्या बायका आपसांत विचारत, "आज कोण आहे गं आत, कुत्रा का मांजर?" पुन्हा दोन ठोके पडले की गिरणी सुरू. एक नियम मात्र पक्का होता. जनावर धरायला घरचंच माणूस हवं, कुणालाही बाहेर घालवायचं नाही. "त्याला तुमचा वास कळतो, माझा नाही. धरा नीट आणि रडू नका."

त्यांच्यापर्यंत आम्ही पोचलो ते तीन डॉक्टर करून. आमचा बोका बंडू तेव्हा दोन महिन्यांचा होता, एक डोळा चिकटून बंद झालेला. ठाण्यातल्या डॉक्टरांनी आपण फक्त कुत्रे बघतो असं सांगितलं. कल्याणच्या दवाखान्यात फोनवर "परवा या" म्हणाले. तिसऱ्यानं पिल्लाकडे न बघताच निकाल दिला, "मांजरं काय, जगतात आपली आपण." मी तिघांवर मिळून एक जळजळीत लेख लिहिला. बंडूचा डोळा तसाच राहिला. शेवटी दळण आणायला गेलेल्या आईला भोईर म्हणाले, "वहिनी, बाजूला बाय बसते ना, तिला दाखवा." आठ दिवसांत डोळा उघडला. बाईंनी माझा लेख वाचला, घडी घालून परत दिला आणि म्हणाल्या, "अक्षर चांगलं आहे तुझं."

मला त्याचा राग आला होता. बाबा कारखान्याच्या युनियनमध्ये होते. आमच्या घरात पोटमाळ्यावर लोणच्याच्या बरण्यांपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त. अन्याय दिसला की नाव घेऊन लिहायचं, हे मी अक्षरओळखीबरोबर शिकले. बाबा गेले तेव्हा बंडू वर्षाचा होता. त्यांच्या उशीवर तो झोपायला लागला. आई माझ्याशी कामापुरतं बोलायची. मोठ्यानं, सविस्तर, दिवसभराचं बोलायची ती फक्त बंडूशी.

त्यानंतर तीन वर्षांनी एका सकाळी बंडू पलंगाखालून बाहेर येईना. ओढून काढला तर तोंड सुजलेलं, धाप लागलेली. मला कारण लगेच कळलं, म्हणजे मला तसं वाटलं. खालच्या मजल्यावरचे सामंतकाका आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. बंडू त्यांच्या स्कूटरच्या सीटवर नखं घासायचा. "या बोक्याचा एकदा बंदोबस्त करायला हवा," असं ते चारचौघांत म्हणाले होते. आई बंडूला टॉवेलात गुंडाळून टोपलीत ठेवेपर्यंत मी पत्रक लिहून काढलं: 'मुक्या जिवाला विष घालणाऱ्याचा जाहीर निषेध'. खाली सामंतांचं नाव. वाटेत रिक्षा थांबवून मी त्याच्या तीस झेरॉक्स काढल्या. त्यात दहा मिनिटं गेली. आई रिक्षात टोपली मांडीवर घेऊन बसली होती.

"बाई, विषप्रयोग आहे," मी आत शिरतानाच म्हणाले. "तुम्ही फक्त तसं लिहून द्या. त्या माणसाला मी सोडणार नाही."

बाईंनी बंडूचा ओठ वर केला. हिरड्या चिखलासारख्या तपकिरी झाल्या होत्या. त्यांनी माझ्या हातातलं पत्रक घेतलं, शेवटपर्यंत वाचलं. मग आईकडे बघितलं. आई टेबलाच्या कडेकडे बघत होती.

"प्रज्ञा, तू बाहेर बस," त्या म्हणाल्या. "आज आई धरेल."

"मीच धरते त्याला नेहमी."

"माहितेय. बाहेर बस."

मी बाकड्यावर बसले. आतून दोन ठोके पडले, गिरणी थांबली. पण इंजेक्शन नव्हतंच. मधल्या प्लायवूडमधून बाईंचा आवाज आला, हळू, नेहमीसारखा दमलेला.

"नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्या हातून एका म्हातारीची गाभण म्हैस गेली. औषध माझंच चुकलं होतं. मी सांगितलं, म्हैस म्हातारी होती. अजून कुणाला बोलले नाही."

मग आईचा आवाज.

"अर्धीच दिली हो. तापाची. अंग गरम लागलं त्याचं, म्हणून दुधात चुरून दिली. पोरीला मी लहानपणी तशीच द्यायचे."

"बरं. किती वाजता?"

"सकाळी पाणी आलं तेव्हा."

"म्हणजे सहा. चार तास झाले. होईल काहीतरी. आपल्या तापाची गोळी मांजराला विषासारखी असते, आई. कुणी सांगितलं नसेल तुम्हाला."

"तिला सांगू नका," आई म्हणाली. "ती फार बोलते."

बाई आडभिंतीमागून बाहेर आल्या आणि माझ्या हातात चिठ्ठी दिली. या गोळ्या माणसांच्या औषधांच्या दुकानात मिळतील, पळ. मी पळत गेले आणि पळत आले. कोण, कसं, काही विचारलं नाही. त्यांनीही काही सांगितलं नाही. फक्त म्हणाल्या, "पिशवीतले कागद दे सगळे. त्याच्याखाली घालायला रद्दी संपलीये." तीसच्या तीस पत्रकं टेबलावर अंथरली गेली. बंडू दोन दिवस त्यांच्यावर पडून होता, त्यांच्यावरच ओकला, त्यांच्यावरच तिसऱ्या दिवशी उठून बसला. सामंतकाकांनी जिन्यात विचारलं, "कसा आहे गं तुमचा गुंड?" मला त्यांच्याकडे बघता आलं नाही.

ती म्हैस खरी होती का, हे मी बाईंना पुढे कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं असंही आता वाटत नाही. आईला मी काही ऐकलं हे आजही माहीत नाही. त्यानंतरही मी लिहीत राहिले, अजूनही लिहिते, पण नाव लिहिताना हात थांबतो आणि त्या थांबण्याचा मला शीण येतो. पूर्वी किती सोपं होतं.

गेल्या वर्षी बाईंचे गुडघे पार गेले. गाळा बंद करून त्या साताऱ्याला भावाकडे राहायला गेल्या. निघताना बंडूचा कान ओढून मला म्हणाल्या, "याच्या आईला सांभाळ." काही महिन्यांनी दळण घेताना भोईर म्हणाले, "बाय गेली तुमची." आणि सवयीनं त्यांनी मिनिटभर गिरणी बंद केली.

आता बंडूचं मूत्रपिंड थकलंय. पुन्हा आमची डॉक्टर शोधायची पायपीट सुरू झाली. परवा ठाण्याच्या एका नव्या दवाखान्यात गेलो. थंडगार खोली, संगणक, तरुण डॉक्टर, हात हलका. त्यानं बंडूला नीट तपासलं, मग टाइप करता करता विचारलं, "घरी काही दिलंय का याला? औषध, काढा, काहीही?"

आईनं माझ्याकडे बघितलं. "नाही," ती म्हणाली.

बंडूला मीच धरलं होतं. त्याचं डोकं मी आईच्या तळव्यात दिलं.

"आई, तू धर," मी म्हणाले. "मी बाहेर बसते."

दार काचेचं होतं. आतलं काही ऐकू येत नव्हतं. आई बंडूवर वाकून त्याच्या कानामागे खाजवत होती. मग डॉक्टरनं कीबोर्डवरचे हात काढून घेतले आणि खुर्ची तिच्याकडे वळवली. तिचे ओठ हलत होते.